डेलियाचा पिवळा

९ ऑगस्ट २०१४, शनिवार

संगणकाच्या वर्गातल्या बाईंनी बजावून सांगितलंय, रोज काय केलं ते लिहून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी आपलंच काम आपल्याला ओळखू येणार नाही. वर्गात सगळे पासष्टच्या पुढचे, त्यामुळे सल्ला अगदीच अनाठायी नाही. म्हणून ही वही.

काम असं आहे. दातांचे डॉक्टर झाउअरब्राय जाऊन तीस वर्षं झाली. त्यांचं घर आता विकलं गेलं आणि माळ्यावर पत्र्याच्या डब्यात एक रीळ निघालं. १९४१ सालचा आमच्या निडरबुखेनचा सुगीचा उत्सव, अकरा मिनिटं आणि चक्क रंगीत. गावच्या इतिहास मंडळाने ते शहरात पाठवून संगणकावर उतरवून आणलं, पण रंग पार विटलेत, सगळ्यावर एक आजारी गुलाबी झाक आहे. यंदाच्या उत्सवात, पाच ऑक्टोबरला, जुन्या शाळेच्या सभागृहात ते गावाला दाखवायचंय. मंडळाचे अध्यक्ष श्टाडेलमान मास्तर दारात येऊन म्हणाले, "ओटमार, रंगाचा डोळा गावात एकट्या तुझ्याकडे आहे."

मी नम्रपणे नाही नाही म्हटलं, पण मास्तर खरं तेच बोलले. बेचाळीस वर्षं मी या गावातली घरं रंगवली. एखाद्या भिंतीचा पोपडा निघाला तर डबा न उघडता मी सांगायचो, कुठला रंग किती मिसळलाय. शहात्तरी आली, गुडघे गेले, पण डोळा गेलेला नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज रीळ पहिल्यांदा नीट बघितलं.

कसं लिहू? तो काळ माझ्या डोक्यात कायम करडा होता. पाठ्यपुस्तकात करडा, सिनेमात करडा, आमच्या घरातल्या सहा फोटोंत करडा. करड्या रस्त्यावर करडी माणसं, आणि ती आपल्यापैकी कोणी नव्हती असं वाटायला सोपी. आणि इथे बघतो तर आकाश निळं. आपलंच आकाश, काल होतं ते. चौकातल्या लिंडेनच्या झाडाची पानं पिवळी पडायला लागलीत. बेकरीच्या दाराला तोच हिरवा रंग, जो मी पंच्याऐंशी साली खरवडून काढला. आणि या सगळ्यावर खिडकीखिडकीतून नाझींचे लाल झेंडे. ते किती लाल होते हे मला आजवर ठाऊकच नव्हतं. लोक त्यांच्याखाली उभे राहून केक खातायत.

सातव्या मिनिटाला आई दिसली. निळा पोशाख आणि तांब्यासारखे लाल केस.

मी पावणेसहा वर्षांचा असताना ती न्यूमोनियाने गेली. फोटोंत तिचे केस काळे दिसतात, म्हणून सत्तर वर्षं मी काळ्या केसांची आई मनात ठेवून जगलो. धडधडत वर गेलो आणि हेडीला विचारलं, "आईचे केस लाल होते?"

"होते की," हेडी म्हणाली.

"आणि तू मला कधी सांगितलं नाहीस?"

"तू कधी विचारलं नाहीस, छोट्या."

हेडी म्हणजे माझी थोरली बहीण. आठ वर्षांनी मोठी, चौऱ्याऐंशीची, माझ्याच घरात वरच्या मजल्यावर राहते. आई गेली आणि बाबाही रशियाच्या आघाडीवरून परतले नाहीत, तेव्हापासून मला तिनेच वाढवलं. शिवणकाम करून मला कामाला लावलं, माझं लग्न करून दिलं, आणि माझी बायको गेल्यावर स्वतःचं बिऱ्हाड उचलून इथे आली. तिच्या लेखी मी अजून छोट्याच आहे.

म्हटलं, चल खाली, दाखवतो. तर म्हणे, "मी तिथे होते ना! मला सगळं पाठ आहे. सूप गार होतंय."

२० ऑगस्ट, बुधवार

युक्ती सापडली! रंग जुळवायला एक तरी खात्रीचा रंग लागतो, ज्यावरून बाकीचे लावता येतील. तो आमच्या बागेतच आहे. सुगीच्या उत्सवाला गावात अजूनही सगळे पिवळा डेलिया लावतात. पुरुष टोपीत, बायका कमरेला, पट्ट्यात खोचून. चिमुरड्यांच्या हातात नुसतंच देतात. आणि जात तीच, आजोबांच्या कंदांपासून चालत आलेली. बागेतलंच एक फूल हेडीच्या फुलदाणीत होतं, ते उचललं, पडद्याला लावून धरलं आणि सिनेमातल्या फुलांचा पिवळा जुळेपर्यंत संगणकावरच्या रंगांच्या खुंट्या मागेपुढे सरकवत बसलो. तो जुळला आणि गुलाबी झाक पळाली! आकाश, विटा, आईचे केस, सगळं जागेवर आलं.

हेडीला ओरडून सांगितलं. ती वरूनच म्हणाली, "फुलदाणीतलं फूल उपटलंस ना? पाणी सांडलंय जिन्यावर."

३१ ऑगस्ट, रविवार

आज काम कमी, बघणं जास्त. सातव्या मिनिटाचा तो तुकडा मी चाळीसेक वेळा तरी बघितला असेल. सांगायला लाज वाटते, पण ही वही माझीच आहे.

चौकात आई उभी आहे, कमरेला डेलिया. शेजारी हेडी, अकरा वर्षांची, दोन वेण्या, कॅमेऱ्याकडे न बघता भलतीकडेच बघतेय. आणि मी. तीन वर्षांचा, हातात फूल, तुरुतुरु चालत चित्राच्या कडेकडे निघालोय. आई दचकते, दोन पावलांत येते आणि माझा दंड धरून मागे ओढते. मागून घोडागाड्या जातायत, त्यांना भ्यायली असणार. केवढी काळजी! तिचा हात माझ्या दंडावर. तिने मला हात लावल्याची मला एकही आठवण नव्हती. आता आहे, आणि तीही रंगीत.

६ सप्टेंबर, शनिवार

तीन दिवस एकाच जागी अडकलो होतो. त्याच तुकड्यात कडेने एक बाई जाते, घाईत, तपकिरी कोट, हातात दुधाची किटली. मी चालत जातो ते तिच्याच दिशेला. ती वाकून हात जरा पुढे करते, किटली हिंदकळली असेल. तिनेही फूल लावलंय, कोटावर डाव्या बाजूला, छातीशी. पण त्याचा पिवळा काही केल्या जुळेना. मेला फिका, लिंबासारखा आणि सपाट. पाकळ्या दिसत नाहीत, नुसती टोकं. रीळ नेमकं तिथेच जास्त विटलंय.

सेकंदाला सोळा चित्रं. चार सेकंद ती दिसते, म्हणजे चौसष्ट चित्रं. प्रत्येकात संगणकाच्या कुंचल्याने पाकळी पाकळी भरली. आता ते फूल बागेतून नुकतं तोडल्यासारखं दिसतं. पाठ मोडली, पण समाधान वाटलं. कोण होती कोण जाणे बिचारी, तिचं फूल मी ताजं करून दिलं.

१४ सप्टेंबर, रविवार

मास्तर बघायला आले. हेडीने आलुबुखारचा केक केला, पण स्वतः खाली आली नाही, गुडघा दुखतोय म्हणे. काल त्याच गुडघ्याने ती बाजार करून आली.

मास्तरांनी पूर्ण रीळ बघितलं. संपल्यावर चष्मा पुसत म्हणाले, "छत्तीस वर्षं मी हा काळ शिकवला, ओटमार. मुलांना म्हणायचो, ते दिवस अंधाराचे होते. आणि इथे तर केवढं ऊन पडलंय. सगळे ओळखीचे वाटतात रे. तो टोपीवाला हुबेहूब आपल्या पोस्टातल्या कुर्टसारखा हसतो."

"कुर्टचे आजोबाच ते."

"हं." मग म्हणाले, "ते झेंड्यांचं लाल थोडं उतरवता येईल का? लोक जेवून येणार आहेत."

मला रागच आला. म्हटलं, "मास्तर, गिऱ्हाईक म्हणेल तसा रंग मी भिंतीला देतो. हे गिऱ्हाइकाचं काम नाही. जे होतं ते होतं. यातला एक ठिपकाही मी बदललेला नाही!"

ते वरमले. मला स्वतःचा चांगलाच अभिमान वाटला.

२१ सप्टेंबर, रविवार

शेवटी हेडीला खाली आणलं. तिच्या नजरेच्या मधोमध धुकं साचलंय, कडेकडेने दिसतं, म्हणून पडद्याकडे तोंड वळवून तिरकं बघत बसली. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात वर्षभरात तेही जाईल. मला तिला आईचे केस दाखवायचे होते, तेवढ्यासाठी सगळा अट्टहास.

आई दिसली तेव्हा ती हसली. "पोशाख बघ कसा बसलाय. काय सुरेख बेतलाय!" शिवणारणीचंच लक्ष ते.

मग ती कडेची बाई आली. हेडी एकदम म्हणाली, "थांब. मागे घे."

मी मागे घेतलं.

"तिच्या छातीवर काय आहे ते?"

"डेलिया. फार विटला होता, मी..."

"बायका डेलिया कुठे लावतात, ओटमार?"

ती मला ओटमार म्हणते तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं. "कमरेला," मी म्हणालो. आणि तोंडातून शब्द निघता निघता मी पुन्हा पडद्याकडे बघितलं.

"ती झेल्मा झिखेल. चांभार गल्लीतली शिवणारीण. आईचा तो पोशाख तिनेच शिवला. ते फूल नाही. पंधरवड्यापूर्वीच ज्यूंना तो पिवळा तारा शिवून घ्यायला लावला होता. तिला उत्सवात यायला बंदीच होती, ती दूध घेऊन घरी चालली होती." हेडी उठली. "मी टाका घालायला तिच्याकडे शिकले. तू तिला झेमा म्हणायचास. तिच्या मांडीवरून उतरायचा नाहीस."

आणि काठी टेकत वर गेली.

२२ सप्टेंबर, सोमवार

झोप नाही.

तारा मी फोटोंत शंभरदा बघितलाय. करड्या कोटावर करडा तारा, बघताक्षणी ओळखतो. पण निळ्या आकाशाखाली, आपल्याच चौकात, आपल्याच फुलांच्या गर्दीत आला, तर मला फूल दिसलं. बायका फूल कमरेला लावतात हे मी याच वहीत लिहिलंय. मला माहीत होतं, तरी तीन दिवस बसून मी त्या बाईच्या छातीवर पाकळ्या रंगवत होतो. रंगाचा डोळा म्हणे!

आणि घोडागाड्या. आज नीट बघितल्या. त्या चौकाच्या पार दुसऱ्या टोकाला आहेत.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

मास्तरांना सगळं सांगितलं. ते कॉफीत चमचा ढवळत राहिले. मग अगदी मायेने म्हणाले, "फूल राहू दे ना. कोणाला कळणार आहे? नाहीतर तो तुकडाच काढ. चार सेकंद तर आहेत. अरे, पहिल्या रांगेत तू बसणार, आणि पडद्यावर तुझी आई. सगळ्या गावासमोर तिचं हे असं..."

वाईट माणूस नाही. माझ्यासाठीच म्हणत होता. आणि मी मनातल्या मनात त्याचे आभार मानले, हेही लिहून ठेवतो.

१ ऑक्टोबर, बुधवार

जेवताना हेडीला सांगितलं की तो तुकडा काढतोय. म्हटलं, "आईपाशी माझं दुसरं आहे काय? सहा फोटो आणि हा एक हात. तो दंडावरचा हात कशासाठी होता ते सगळ्यांना कळलं, तर मला परत बघवणार नाही."

हेडीने बटाटे चिरडायचे थांबवले. "तुला वाटतं तू तिकडे आपला आपण चाललास?"

"म्हणजे?"

"मी पाठवलं तुला. फूल माझं होतं. माझ्या पट्ट्यातलं काढून तुझ्या हातात दिलं आणि कानात म्हटलं, जा, झेमाला देऊन ये. मोठ्या मुलीला रागावतील, तीन वर्षांच्या पोराला कोण काय म्हणणार, असा हिशेब केला मी. अकराव्या वर्षी! मला स्वतःला जायचं धैर्य नव्हतं."

मी काटा खाली ठेवला.

"आई घाबरली. बाबा आघाडीवर, नाझी पक्षाचा माणूस दहा पावलांवर, आणि डॉक्टर झाउअरब्रायचा कॅमेरा चालू. घरी आल्यावर तिने मला मारलं आणि मग माझ्याआधी तीच रडली. नोव्हेंबरात झेल्माला ट्रकमधून नेलं. मी खिडकीतून बघितलं. परत कोणी आलं नाही." तिने माझ्या ताटात बटाटे वाढले. "आई चांगली होती, छोट्या. मला तिची अजून आठवण येते. आणि तिने तुला मागे ओढलं. दोन्ही खरं आहे. तू ते कापलंस तर झेल्मा त्या चौकातून गेलीच नाही असं होईल. तिचा याखेरीज दुसरा फोटोसुद्धा नाही कुठे."

जेवण झाल्यावर मी मूळ प्रत काढली. चौसष्ट चित्रं परत जशीच्या तशी लावली. रंगवण्याहून हे सोपं निघालं, दोन तासांत झालं.

५ ऑक्टोबर, रविवार

सभागृह भरलं होतं. लोक बाहेरून नवी वाइन पिऊन आणि कांद्याचा केक खाऊन आलेले, टोपीत फुलं. सुरुवातीला हशा आणि ओळखी पटवणं, "तो बघ माझा आजा!" असं. झेंडे आले तशी कुजबुज थांबली. मग सातवं मिनिट आलं. मी चित्र थांबवलं आणि उभा राहिलो. भाषण लिहिलेला कागद घरीच राहिला होता.

म्हणालो, "ही लाल केसांची माझी आई, पाउला. हा लहान मुलगा मी. आणि या झेल्मा झिखेल, चांभार गल्लीतल्या. त्यांच्या कोटावर तारा आहे. मला तो आधी फूल वाटला, आणि मी त्याला फूल करूनही टाकलं होतं. मुलगा त्यांच्याकडे निघालाय आणि माझी आई त्याला मागे ओढतेय. आता बघा." आणि पुढचं चालू केलं.

मागून कोणीतरी "पुरे आता" म्हणालं. दोघं उठून गेले. मास्तर उठले नाहीत. ते येऊन माझ्याशेजारी उभे राहिले, एवढं मी त्यांना विसरणार नाही. संपल्यावर चौथ्या रांगेतून बेकरीवाल्या म्हाताऱ्या क्रेशेन्त्स म्हणाल्या, "माझा बाप्तिस्म्याचा झगा त्यांनी शिवला होता. घरी आहे माझ्या." मग कुर्ट पोस्टवाला म्हणाला की झेल्माबाईंचं घर कुठलं ते दाखवा. आठदहा जण खरंच चांभार गल्लीकडे गेले.

हेडी खुर्चीत ताठ बसून होती. घरी येताना हात धरला तर तिचा हात बर्फासारखा गार होता.

६ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी माझ्याआधी हेडी खाली. संगणकासमोर बसून होती, तो बंदच होता, तिला चालू करता येत नाही.

"एक विचारायचं होतं," म्हणाली. "काल मी सगळा वेळ तेच बघायचा प्रयत्न केला, पण त्या जागी नेमकं धुकं येतं. तुझा डोळा चांगला आहे. खरं सांगशील?"

"सांगेन."

"तिने मला बघितलं का? मी मागे उभी होते. त्र्याहत्तर वर्षं मी हेच धरून बसलेय की तिला वाटलं असेल, हेडी तोंड फिरवून उभी राहिली, हिलाही आपण नकोसे झालो. म्हणून मी हे रीळ बघत नव्हते."

मी संगणक चालू केला आणि एकेक चित्र पुढे सरकवत गेलो. इतक्या दिवसांत मी झेल्माचा तारा बघितला होता, किटली बघितली होती, तोंड बघितलंच नव्हतं. खोटं बोलायचं नाही असं ठरवून बघितलं. दोनदा, तीनदा बघितलं.

मग सांगितलं. "झेल्मा वाकते, हात पुढे करते. अजून आई आलेली नाही. ती फुलाकडे बघते. मग मान वर करते आणि माझ्या डोक्यावरून मागे बघते. सरळ तुझ्याकडेच, हेडी. तुझ्या पट्ट्यात फूल नाही ते तिथून दिसत असणार. मग ती मान हलवते. अशी, नको म्हणून. आणि हात मागे घेते. त्यानंतर आई येते."

"रागाने हलवते?"

"नाही. तू मला स्टोव्हपाशी जाताना बघून हलवायचीस ना, तशी."

हेडीने दोन्ही हातांनी पडदा चाचपला आणि म्हणाली, "कुठे आहे ती? माझं बोट तिच्यावर ठेव."

मी ठेवलं.